भीक नको, कुत्रा टोचा

गाईच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला. तिला लाळ्या-खुरकुताची लस सरकारी खर्चानं, तीही गोठ्यात येऊन. लम्पी आला तेव्हा डॉक्टर वाडी-वस्ती पालथी घालत होते. शेळ्या-मेंढ्यांना पीपीआर, आंत्रविषार यांच्या लसी. उत्तम. आणि त्याच गोठ्याच्या दाराशी रात्रभर भुंकणारं, बिबट्याच्या तोंडी सगळ्यांत आधी जाणारं जे जनावर आहे, त्याची विचारपूस एवढीच: चावतंय का?

केंद्राच्या योजनेत एक लाख पशुधनामागे एक फिरता दवाखाना. १९६२ हा नंबर फिरवा, गाडी दारात. २०१९च्या गणनेत देशाचं पशुधन ५३ कोटींवर गेलं. त्या बेरजेत उंट आहे, याक आहे, गाढवसुद्धा आहे. कुत्रा नाही. त्याचा रकाना वेगळा. बरोबरच आहे, तो ना दूध देतो, ना मतदान करतो. गावच्या जनावरांच्या दवाखान्यातला पशुधन पर्यवेक्षक भला माणूस असतो, पण रेतन, लसीकरण आणि कागद यांतून मान वर निघाली तर तो खरूज बघणार.

मग गावातला पोरगा स्वतःच डॉक्टर होतो. कुत्र्याचे केस गेले, कातडी लाल झाली की गॅरेजवरून डबाभर जळकं ऑइल आणतो आणि फडक्यानं अंगभर फासतो. कुत्रं ते चाटतं आणि आजारी पडतं. पोराची माया खोटी नाही. त्यानं आपल्या भाकरीतली अर्धी त्याला घातलेली असते. फक्त कुत्र्याचा डॉक्टर जिल्ह्याच्या गावी, आणि एसटीत कुत्रं घेऊन चढलात तर कंडक्टर आधी तुम्हाला उतरवतो. मुंबईत महालक्ष्मीला २०२४ साली टाटांचं लहान प्राण्यांचं मोठं इस्पितळ उघडलं, १६५ कोटींचं. टाटांचं भलं होवो. अक्कलकुव्याहून तिथं पोचेपर्यंत रुग्णाची पुढची पिढी जन्माला येईल.

शहरातल्या वस्तीत मात्र सोय असते. तिचं नाव शिबीर. ‘भव्य मोफत लसीकरण’, फ्लेक्सवर नेत्यांचे चेहरे ओळीनं, कुत्र्याचा एक, तोही परदेशी, इंटरनेटवरून उतरवलेला. उद्घाटन अकराला, कारण पाहुणे त्याआधी मोकळे नसतात. धुणीभांडी करणाऱ्या बाया सातलाच बाहेर पडलेल्या, बिगारी नाक्यावर. कुत्रं आणणार कोण? एखादी म्हातारी मांजर आणते, बाजाराच्या पिशवीत, तोंड तेवढं बाहेर. तिला फॉर्म मिळतो. मालकाचं नाव, पत्ता, प्राण्याची जात. जात इथंही सुटत नाही. म्हातारी सांगते, ‘गावठी.’ लिहिणारा वर न बघता लिहितो. तिकडे लस दोन ते आठ अंशांत ठेवायची असते, ती भाषणं संपेपर्यंत मांडवात घाम गाळते. रांगेत पुढे शेजारच्या सोसायटीतला लॅब्रडॉर. त्याला खासगीत आधीच टोचलेलं असतं, पण फोटो छान येतो.

बरं, वस्तीच्या कुत्र्याला पट्टा माहीत नाही. गळ्यात दोरी पडली की त्याला एकच अर्थ कळतो, महापालिकेची गाडी आली. आणि ‘कुणाचं कुत्रं?’ या प्रश्नाचं खरं उत्तर ‘गल्लीचं’ हे फॉर्ममध्ये बसत नाही. २०२५च्या ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीची कुत्री आधी उचलायला सांगितली, मग अकरा दिवसांनी टोचून, नसबंदी करून सोडायला सांगितली. टीव्हीवर प्राणिप्रेमी आणि प्राणित्रस्त एकमेकांना चावत होते. गल्लीचं कुत्रं दोघांच्याही हिशेबात नव्हतं. ते धड भटकं नाही, धड पाळीव नाही.

गोव्यात मांडव न घालता काम झालं. मिशन रेबीज ही संस्था आणि गोवा सरकार यांनी माणसं दारोदार पाठवली. घरचं कुत्रं घरच्यांनी धरायचं, रस्त्यावरचं जाळ्यात घ्यायचं. टोचलं, अंगावर रंगाचा ठिपका दिला, सोडून दिलं. कुठली गल्ली राहिली ते फोनच्या नकाशावर दिसायचं, त्यामुळे ‘सगळं झालं साहेब’ म्हणायची सोय उरली नाही. वर्षाला ९५ हजारांवर कुत्री, म्हणजे शंभरातली सत्तर. दीड लाख मुलांना शाळेत जाऊन शिकवलं, तेही दरसाल. २०१३ ते २०१९ या काळात कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला, माणसं मरायची थांबली. २०२१मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं.

‘गोवा केवढंसं!’ हे उत्तर तयार असेलच. मग तालुक्या-तालुक्यानं करा. आपला सरासरी तालुका गोव्याहून पुष्कळ लहान आहे.

पण आपल्याला कुत्र्यापेक्षा चावा परवडतो. पोराला कुत्रं चावलं की आई त्याला काखोटीला मारून प्राथमिक आरोग्य केंद्रात. कातडी फाटून रक्त आलं असेल तर रेबीजचं सीरमही हवं, ते ‘वर’ मिळेल. पहिली सुई त्याच दिवशी, मग तिथून तीन, सात, अठ्ठावीस दिवसांनी. प्रत्येक खेपेला रोज बुडतो. कुत्र्याला वेळेवर वर्षाची एक सुई पुरली असती, पण ती देणं पशुसंवर्धनाचं काम की नगरपालिकेचं, की आरोग्याचं, यावर पत्रव्यवहार चालू असतो.

२८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन. फ्लेक्सची ऑर्डर गेली असेल तर वेळेचा आकडा तेवढा बदलून घ्या. संध्याकाळी सात करा, माणसं कामावरून आलेली असतात. मांडव नको, गाडी गल्लीत आणा. खरजेचं औषध आणि गोचिडांची पावडरही बरोबर ठेवा. प्रमुख पाहुण्यांनी जरूर यावं. मागचे पाय धरायला एक माणूस कमीच पडतो.