मालकंसाला भाड्याने घर मिळत नाही

बर्लिनला राहायला गेलेल्या मराठी माणसाची जर्मनीबद्दलची तक्रार थंडीपासून सुरू होते आणि शेजाऱ्यांपाशी येऊन थांबते. जिथे बाख आणि बेथोव्हेन जन्मले, तिथे भाड्याच्या घरात पेटी उघडायची चोरी, हे काय गौडबंगाल आहे, असा तिचा एकूण सूर. ऐकणाऱ्याला ती रास्तही वाटते, कारण ऐकणारा बहुधा फोनच्या पुण्याकडच्या टोकाला असतो आणि त्याच्या खिडकीखाली त्या वेळी कुणाची तरी वरात चाललेली असते. माझं म्हणणं मात्र बरोबर उलट आहे. हौशी संगीताला जर्मनांच्या शांततेच्या नियमांइतका भक्कम कैवारी दुसरा मिळणार नाही. आणि त्या नियमांशी जमवून घ्यायला जगात कोणी लायक असेल, तर तो हिंदुस्थानी संगीत शिकलेला माणूसच. हे पटवायचं तर आधी घर दाखवायला हवं.

जर्मनीत नवं घर भाड्याने मिळतं तेव्हा त्यात पुष्कळदा स्वयंपाकघर नसतं. म्हणजे खोली असते. ओटा, सिंक, कपाटं, शेगडी हे सगळं आधीचा भाडेकरू उपटून घेऊन गेलेला असतो. छतातून दिव्यांऐवजी नुसत्या वायरी लोंबत असतात. अनामत रक्कम म्हणून तीन महिन्यांपर्यंतचं भाडं मोजून माणूस आत येतो तो असा चार भिंतींत. दोन आठवड्यांच्या आत घरमालकाचं पत्र घेऊन सरकारदरबारी पत्त्याची नोंद करायची, आणि ती झाली की रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र दारात हजर. ही वर्गणी घरटी महिना 18.36 युरो, घरात रेडिओ नाही, टीव्ही नाही, ही सबब चालत नाही. त्या पैशातून बातम्या आणि मालिकांबरोबर सार्वजनिक नभोवाणीचे मोठमोठे वाद्यवृंदही पोसले जातात. तेव्हा जर्मनांना संगीताचं वावडं आहे, हा आरोप पहिल्या महिन्यातच निकाली निघतो: चहाचं आधण ठेवायला जागा नाही, पण एखाद्या व्हायोलिनवाल्याच्या पगाराला आपला हातभार लागलेला आहे. शिवाय रिकाम्या घराचा एक फायदा हौशी गवय्यालाच कळतो. लाकडी जमीन, उघड्या भिंती, पडदा नाही, सतरंजी नाही. अशा खोलीत षड्ज लावला की तो परत येतो, आणि येताना थोडा सुधारून येतो. ओटा नसलेल्या स्वयंपाकघरात कोणाचाही आवाज घराणेदार वाटतो. घरात सोफा आला की आवाज पुन्हा आपला होतो.

आता जिन्यात या. तिथे इमारतीची नियमावली लावलेली असते, तिला हाउसऑर्डनुंग म्हणतात. जिना कुणी कधी पुसायचा, सायकल कुठे ठेवायची, कचऱ्याचा कोणता डबा कशासाठी, हे त्यात येतंच. पण तिचा प्राण आहे तो शांततेच्या कलमांत. रात्री 10 ते सकाळी 6 शांतता, हा तर कायदाच. दुपारी 1 ते 3 शांतता, ही पुष्कळ इमारतींची आपापली भर. आणि रविवार आख्खा शांततेचा. या रविवारामागे साक्षात राज्यघटना उभी आहे: 1919 च्या वायमार घटनेतलं कलम 139 जर्मनांनी 1949 च्या घटनेत जसंच्या तसं ठेवून घेतलं, आणि रविवार हा विश्रांतीचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून त्यात संरक्षित आहे. म्हणून रविवारी भिंतीला ड्रिल लावायचं नाही, खिळा ठोकायचा नाही, रिकाम्या बाटल्या रस्त्यावरच्या काचेच्या पिंपात टाकायच्या नाहीत. इथे तबलजीची पंचाईत होते. तबला सुरात आणायचा तर हातोडीने गट्टे ठोकायला हवेत, आणि रविवारची हातोडी ही जर्मन कानाला सुतारकामच वाटणार. डग्ग्याची गत आणखी वाईट. त्याचा घुमारा हवेतून कमी आणि जमिनीतून जास्त जातो. खाली राहणाऱ्या आजोबांना तीनताल कानांनी नव्हे, पलंगाच्या पायांतून समजतो. चुंबळीखाली जाड गोधडी दुमडून घातली की निम्मा तंटा मिटतो, पण हे तंत्र कुठल्याही गुरूने शिकवलेलं नसतं.

इथपर्यंत वाचून कोणालाही वाटेल, की तक्रार करणाऱ्याचंच खरं. ही सगळी यादी म्हणजे नुसती बंदीच बंदी. पण कायद्याची दुसरी बाजू अजून यायची आहे. ऑग्सबुर्गकडच्या एका व्यावसायिक ट्रम्पेटवादकाच्या घरातल्या वादनाने शेजारी हैराण झाले आणि प्रकरण कोर्टात गेलं. भिंतीला भिंत लागून असलेली ती घरं. खालच्या कोर्टाने त्याला आठवड्याला जास्तीत जास्त दहा तास, तेही पोटमाळ्यावर, इतकंच वाजवायची मुभा ठेवली. ऑक्टोबर 2018 मध्ये कार्ल्सरुहेच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने तो निकाल फिरवला. घरी संगीत वाजवणं, त्याचा सराव करणं, हा माणसाच्या फावल्या वेळेचा नेहमीचा आणि समाजमान्य उद्योग आहे, आणि तो घराबाहेर अजिबात ऐकू येऊ नये अशी अपेक्षा धरता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. ढोबळ मानाने कामाच्या दिवशी दोन ते तीन तास आणि रविवारी-सुट्टीला एक ते दोन तास, दुपारची आणि रात्रीची विश्रांती पाळून, हे शेजाऱ्यांनी सोसलं पाहिजे. त्यातलं सोनं वेगळंच आहे: व्यावसायिकाला हौशीपेक्षा जास्त हक्क नाही आणि कमीही नाही. म्हणजे सुरात वाजवणाऱ्याला आणि बेसूर वाजवणाऱ्याला कायद्याने एकाच पंगतीत बसवलं. गुणवत्तेची अट न घालता रियाजाला दिलेलं एवढं अभय आपल्या कुठल्याही घराण्याच्या इतिहासात सापडणार नाही.

या अभयाचं मर्म वेळेत आहे. शेजाऱ्याचा आवाज माणसाला छळतो तो मोठा असतो म्हणून कमी, आणि कधी थांबेल ते माहीत नसतं म्हणून जास्त. वरच्या मजल्यावरचा विद्यार्थी पाचला पलटे सुरू करतो आणि सातला थांबतो, हे ठाऊक असलेली बाई त्या वेळात बाजारहाट उरकते, बहिणीला फोन लावते, नाहीतर सरळ ऐकते. हेच पलटे कधीही सुरू झाले आणि कधीही थांबले, तर मधल्या शांततेतसुद्धा ती कान टवकारून बसलेली असते. विद्यार्थ्याचंही तेच. दुपारी एकला थांबायचंच आहे म्हटल्यावर तो बाराला बसतो. पेटीवर फडकं मारण्यात अर्धा तास घालवत नाही. एकला पाच मिनिटं कमी असताना उचललेली तान बरोबर एकच्या ठोक्याला समेवर आणणं, हा तर लयीचा असा व्यायाम आहे, की तो कुठल्याही परीक्षेच्या अभ्यासक्रमात घालावा.

आणि वेळेचं बंधन आपल्याला नवं थोडंच आहे? सकाळी यमन गाणाऱ्याकडे ज्या नजरेने जाणकार बघतात, त्याच नजरेने जर्मन शेजारी रविवारी ड्रिल चालवणाऱ्याकडे बघतो. रागांच्या समयाची शिस्तवार मांडणी छापील ग्रंथांतून केली ती पंडित विष्णु नारायण भातखंड्यांनी, आणि भातखंडे शिक्षणाने वकील होते हे विसरून चालणार नाही. वादी स्वर पूर्वांगात असेल तर राग दुपारी बारा ते रात्री बारा या काळातला, उत्तरांगात असेल तर उरलेल्या बारा तासांतला: हे कलम बर्लिनच्या जिन्यात लावलं तर तिथले रहिवासी ते निमूटपणे वाचतील आणि पाळतील. फक्त दोन नियमावल्या एकमेकींवर ठेवून बघायला हव्यात. भातखंड्यांची सूर्यावर चालते, इमारतीची घड्याळावर. आणि बर्लिनचा सूर्य घड्याळाला जुमानत नाही.

हिशोबच मांडू. 21 जूनला बर्लिनमध्ये सूर्य पहाटे 4.43 ला उगवतो आणि रात्री 9.33 ला मावळतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात सूर्योदयाचा भैरव बेकायदा. संध्याकाळचा मारवा सूर्यास्ताबरोबर सुरू केला, तर त्यानंतर येणाऱ्या यमनाला दहाच्या आत उरकायचं म्हटल्यावर बडा ख्याल विसरायचा. आलापीत षड्जावरून निषादाला जाऊन परत येईपर्यंत रात्रीची शांतता लागू होते. डिसेंबरमध्ये मात्र निसर्ग गायकाच्या बाजूला येतो. 21 तारखेला सूर्य सव्वाआठला उगवतो, तेव्हा भैरव नोकरदार माणसालाही पेलतो आणि कायद्यालाही. दुपारी 3.54 ला सूर्यास्त. रात्र सोळा तासांच्या वर, म्हणजे रात्रीचा एकेक प्रहर चार तासांचा. पहिला प्रहर आठला संपतो, दुसरा बरोबर तिथेच सुरू होतो. म्हणून बिहाग आणि बागेश्री या दुसऱ्या प्रहराच्या मंडळींना आठ ते दहा असे दोन तास कायदेशीर मिळतात. जे पुण्यात रात्री नऊनंतर सुरू करायचं, ते बर्लिनमध्ये जेवणाआधी आटोपतं. नुकसान होतं ते दुपारच्या सारंगाचं, कारण त्याचा निम्मा वेळ विश्रांतीच्या तासांत जातो. आणि मालकंसाचं तर काही विचारूच नका. रात्रीच्या तिसऱ्या प्रहरात त्याचं राज्य. तो प्रहर डिसेंबरमध्ये मध्यरात्रीनंतर आणि जूनमध्ये एकनंतर सुरू होतो. वर्षाच्या कुठल्याही दिवशी हिशोब केला तरी मालकंसाला जर्मनीत भाड्याने घर नाही. पियानोवाला विजेचा पियानो घेऊन कानाला हेडफोन लावतो आणि पहाटेपर्यंत वाजवतो. तानपुऱ्याच्या यंत्राचाही आवाज कमी करता येतो. गळ्याला ती सोय अजून निघालेली नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो उत्स्फूर्ततेचा. गाणं असं घड्याळ लावून येतं का? मूड लागायला नको का? हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण मूडची वाट पाहत पेटी माळ्यावर ठेवून आलेले असतात. मूड मैफलीला लागतो. पलट्यांना बैठक लागते, आणि नेमलेल्या वेळी बैठक सहज बसते. दुसरा आक्षेप मोठ्या उस्तादांचा दाखला घेऊन येतो: दिवसाला बारा-बारा तास रियाज केल्याच्या कथा आहेत, तिथे दोन-तीन तासांत काय होणार? उस्तादाचं काही होणार नाही, हे मान्य. पण नोकरी, वाणसामान आणि कचऱ्याचं वर्गीकरण सांभाळून गाणाऱ्या माणसाने दिवसाचे दोन तास पुरे वापरले, तर न्यायालयाच्या आधी त्याचा स्वतःचा गळाच स्थगिती देईल. ही मर्यादा हौशी माणसाला छप्पर नाही, शिखर आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत जिव्हाळ्याचा. आपल्याकडे शेजारी रसिक असतात, दार उघडं असतं, वरून कोणी तरी दाद देतं. या मोकळेपणाची सर नियमाला कशी येणार? दाद मिळते हे खरं. पण त्याच उघड्या दारातून मिक्सर, मालिका, मांडवाचा भोंगा आणि कुणाचं तरी टाइल कापणंही आत येतं, आणि त्यांच्यापुढे तानपुरा हरतो. आणि नियम आपल्याकडे नाहीत असंही नाही. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी ध्वनिक्षेपकाला रात्री 10 ते सकाळी 6 बंदी घातली. बर्लिनच्या जिन्यात लिहिलेली वेळ हीच. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादाही कागदावर आहे. एके काळी रात्र-रात्र चालणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवाला या दहाच्या बंदीनेच आवरतं घ्यावं लागलं. म्हणजे मालकंसाच्या डोक्यावरचं छप्पर मंडपातूनही गेलंच आहे. फरक इतकाच, की आपण रात्रीची बंदी घेतली आणि दिवसाचा हक्क घ्यायचा विसरलो. जर्मनाने गवय्याला रात्री गप्प बसवताना दिवसा शेजाऱ्यालाही गप्प बसवलं. तो सौद्याचा दुसरा भाग आपल्या नियमांत कुठेच नाही.

तेव्हा बर्लिनकर मराठी माणसाने सुट्टीला येताना चॉकलेटं कमी आणावीत आणि एक ठरावाचा मसुदा आणावा. आपल्या सोसायट्यांच्या वार्षिक सभेत पार्किंग आणि गळती यांवर संध्याकाळ जाते. त्यात एक विषय वाढवावा: प्रत्येक घराला रोज दोन तास रियाजाचा हक्क, वेळ आधी जाहीर करून, वाद्य कोणतंही, सुराची अट नाही, आणि त्या वेळेत तक्रार चालणार नाही. ठराव मंजूर होईलच असं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या ड्रमवाल्या मुलाचं नाव निघेल, कोणी सुराची अट घालायची उपसूचना मांडेल, ती कोणाला उद्देशून आहे असा सवाल होईल, आणि रोज दोन तास शांतपणे गाता यावं म्हणून भरलेली ती सभा रात्री दहाच्या पुढे, 45 डेसिबलच्या कितीतरी वर चालू राहील.