रस्त्याचा सातबारा

नगर–मनमाड रस्त्याचा एकदा सातबारा काढावा, अशी आमची महसूल खात्याला नम्र विनंती आहे. बांध हातभर सरकला तरी या जिल्ह्यात भाऊ भावाला कोर्टात खेचतो. इथे नगरपासून कोपरगावपर्यंतचा रस्ता उखडत गेला, तरी मालक म्हणून कुणी पुढे येईना!

नमुना सात. भोगवटादार, सार्वजनिक बांधकाम खाते. त्याखाली खासगी कंपनी, कारण चौपदरीकरण ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या बोलीवर दिले होते. म्हणजे वाटेकरीच. बी-खत त्याने घालायचे, पीक त्याने न्यायचे, मुदत सरली की रान होते तसे मालकाला द्यायचे. मुदत सरण्याआधीच वाटेकरी गेला. त्याच्या नावाला कंस, खाली राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण. मग फेरफारामागून फेरफार, ठेकेदारामागून ठेकेदार. प्रत्यक्ष वहिवाट मात्र अखंड खड्ड्यांची. कूळकायद्याने आतापर्यंत जमीन त्यांच्या नावावर व्हायला हवी होती.

नमुना बारा. शिर्डीचे भक्त, शनिशिंगणापूरचे भक्त, गळितात जोडट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर. एवढे बारमाही पाणी असल्यावर टोलचे पीक बागायतच म्हणायचे. देखभाल जिरायत. आली तर आली. विळद, राहुरी, कोल्हारकडचे बरेच क्षेत्र आम्ही पोटखराब्यात दाखवले आहे.

करारात काही कमी असते असे नाही. मुदतीआधी संयुक्त पाहणी, दोष काढून देणे, त्यासाठी रक्कम अडकवून ठेवणे, सगळे कलमवार असते. फक्त ही रक्कम शेवटच्या वर्षांच्या टोलमधून कापायची असते. वाटेकरी मधल्याच हंगामात निघून गेला तर कापायचे कशातून, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खड्डा बुजवायचा कुणी, हे कलम लिहायच्या वेळी बहुधा चहा आला असावा.

मालकही काही कमी हौशी नाही. २०१५ मध्ये राज्य सरकारने १२ टोलनाके बंद केले, आणखी ५३ नाक्यांवर मोटारी व एसटीला माफी दिली. लोक खूष झाले. उभे पीक लोकांना वाटायचे आणि वाटेकऱ्याची भरपाई लोकांच्याच करातून द्यायची, एवढा दिलदार मालक पंचक्रोशीत सापडायचा नाही.

आणि सगळेच वाटेकरी पळपुटे असतात, हाही गैरसमज. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाची टोलवसुली २००४ मध्ये एका खासगी समूहाला १५ वर्षांसाठी दिली होती. २०२० मध्ये त्याच समूहाने ८,२६२ कोटी रुपये मोजून पुन्हा दहा वर्षे घेतली. काळ्या रानाला वाटेकरी चिकटून बसतो. खडकाळ रान तेवढे जनतेला परत मिळते. त्यालाच सार्वजनिक–खासगी भागीदारी म्हणतात.

डिसेंबर २०२२ मध्ये पारनेरचे तेव्हाचे आमदार नीलेश लंके नगर–मनमाड व जिल्ह्यातल्या आणखी रस्त्यांसाठी नगरला जिल्हाधिकारी कार्यालयासमोर उपोषणाला बसले. चौथ्या दिवशी आश्वासन मिळाले, उपोषण सुटले. आश्वासनाची नोंद आम्ही ‘इतर हक्कां’त घेतली आहे, तिथला बोजा सहसा लवकर उतरत नाही.

फेरफाराची नोटीस चावडीवर लावली आहे. हरकत असल्यास १५ दिवसांच्या आत नगरला समक्ष येऊन द्यावी. कोपरगावकरांनी आजच निघावे.