अठरावाले

सीवूड्समधल्या आमच्या सोसायटीत त्यांचं खरं आडनाव आता फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर उरलंय. एरवी ते अठरावाले. त्यांच्या लाल थारच्या चारही चाकांत बारा महिने 18 पीएसआय हवा असते. रस्त्यावर किती हवा हवी ते कंपनीने दरवाजाच्या खांबावर छापून दिलंय. त्यावर यांनी डोंगराचं चित्र चिकटवलं. डॅशबोर्डवर टायरचा पिवळा दिवा सारखा लागायचा, तिथे गणपती बसवला.

पामबीचला सिग्नलवर थांबले की शेजारच्या स्कूटरवरून कुणीतरी भला माणूस ओरडतोच, "काका, मागचं टायर बसलंय!" या एका वाक्यासाठी अठरावाले घराबाहेर पडतात असा माझा संशय आहे. काच खाली करून शांतपणे सांगतात, "बसलं नाही, बसवलंय." मग हिरवा दिवा लागेपर्यंत शिकवणी: हवा कमी केली की टायर पसरतो, जमिनीला टेकणारा भाग लांबतो, वजन वाटलं जातं आणि गाडी वाळूत रुतत नाही. शब्द न् शब्द खरा. फक्त पामबीचवर वाळू नाही.

डांबरावर त्याच टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला दबतात, उठतात, रबर आतून तापत जातं आणि वेग धरला तर फुटायची भीती. जोरात वळण घेतलं तर टायर रिमवरून निसटूही शकतो. म्हणून मुरलेले ऑफरोडवाले वाळूच्या तोंडाशी हवा सोडतात आणि डांबराला लागण्याआधी पुन्हा भरतात. त्यासाठी लागणारा छोटा कंप्रेसर अठरावाल्यांकडे आहे, अजून खोक्यात. "हवा भरली ना," ते मला एकदा म्हणाले, "की ट्रिप संपल्यासारखं वाटतं हो."

नाक्यावरच्या पंक्चरवाल्याने एकदा वहिनींना गाडी चालवताना पाहून न विचारता 32 भरून दिली. अठरावाले महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. वहिनी मात्र म्हणाल्या, गाडी पहिल्यांदाच सरळ चालली.

रविवारी स्वारी उरणला, पीरवाडीच्या किनाऱ्यावर निघते. हवा सोडलेली असतेच, घरूनच. जेएनपीटीच्या रस्त्यावर मागे-पुढे कंटेनरचे ट्रेलर आणि मधे हे, चाळीसच्या वेगाने, कारण त्यापुढे स्टिअरिंग हातात राहत नाही. ट्रेलरवाले हॉर्न मारतात. हे त्याला सलामी समजून हात करतात. पीरवाडीला पोचल्यावर गाडी वाळूत मुळीच घालत नाहीत. खाऱ्या पाण्याने पत्रा सडतो! वाळू सुरू होते त्याच्या वीस पावलं अलीकडे, सावली बघून, हँडब्रेक लावून उभी करतात.

वहिनी हल्ली सोबत येत नाहीत. 12 जानेवारी 2024 ला लोकल उरणपर्यंत सुरू झाली आणि त्यांचा संसार सुखाचा झाला. सीवूड्सला गाडीत बसतात, उरणला उतरून रिक्षा करतात आणि यांच्या आधी चटई टाकून थालीपिठाचा डबा उघडतात. अठरावाले आले की आधी थालीपीठ नाही, आधी गेज. मागच्या खेपेला वाटेत टायर तापल्यामुळे काटा 21 वर गेला होता. भर उन्हात उकिडवे बसून, काडीने वॉल्व्हची पिन दाबत, एकेका चाकातून त्यांनी वरची तीन सोडून दिली. मग हात धुतले, थालीपीठ खाल्लं आणि गाडी हायवेला लावली.