जांभळ्या दिव्याचा खुलासा

म्युनिक, रविवार

ती. आई-बाबांस,


परवा व्हिडिओ कॉलवर माझ्या मागे जांभळा उजेड दिसला, तेव्हा आईने "जावईबापूंनी घरात बार काढलानीत की काय?" असं विचारलंन. आणि आज सकाळी माळनाक्याच्या मावशीचा काळजीचा मेसेज! बातमी पोचवण्यात तुमचा हात कोणी धरणार नाही. म्हणून कुकर होईपर्यंत हा लेखी खुलासा. तो दिवा ऑर्किडसाठी होता.

तुम्ही म्हणाल, खिडकीत ठेव. आई, डिसेंबरात इथला दिवस सव्वाआठ तासांचा. रत्नागिरीत वर्षातला सगळ्यात लहान दिवससुद्धा अकरा तासांचा असतो. बरं, त्या सव्वाआठ तासांतही सूर्य हजेरीपुस्तकात सही करून रजेवर जातो. माझ्याकडची फॅलेनॉप्सिस ही ऑर्किडांमधली सर्वांत समजूतदार, तरी तिलाही दहा-पंधरा हजार लक्स उजेड लागतो. ढगाळ दुपारी खिडकीत मोबाइलने उजेड मोजला, तर हजारसुद्धा भरेना. आपल्या अंगणात मे महिन्यात लाखभर लक्स सांडलेले असतात आणि आपण त्यावर फणसपोळी वाळवतो!

तर जावईबापूंनी परस्पर दिवा मागवला. खोक्यावर भलंमोठं '600 वॉट', आत खरे जेमतेम 40. लाल आणि निळे एलईडी एकत्र, म्हणून तो जांभळा रंग. झाडांना हे दोन रंग जास्त उपयोगी पडतात हे खरं, झाड त्यात वाढतंही. पण त्या उजेडात पान पिवळं पडलंय की हिरवं आहे ते कळत नाही, आणि समोरच्या ताटातली आमटी शाईसारखी दिसते.

दुसऱ्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या आजी दारात. अगदी अदबीने विचारतात, "तुमची तीनच आहेत ना?" आम्हाला काही उमजेना. मग उलगडलं. इथे 1 एप्रिल 2024 पासून प्रत्येक सज्ञान माणसाला घरात गांजाची तीन रोपं लावायची मुभा आहे. खिडकीतला जांभळा उजेड बघून आजींनी हिशेब केला होता. जावईबापू म्हणतात, "आम्हा दोघांची मिळून सहा बसतात!" मी त्यांना गप्प करून आजींना ऑर्किड दाखवलं. त्या जरा हिरमुसल्याच, असं मला वाटलं.

आता खरी चीड आणणारी गोष्ट. आई, तू फणसावरची सीतेची वेणी नारळाच्या काथ्यात गुंडाळून आमसुलांच्या पार्सलात घालते म्हणालीस. घालू नकोस! तीही ऑर्किडच, आणि ऑर्किडांचं अख्खं कुळ 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. तिकडून निर्यातीचा परवाना, इकडून आयातीचा परवाना, वर रोप निरोगी असल्याचा दाखला. जंगलं ओरबाडून ऑर्किडं विकणाऱ्यांसाठी हा नियम हवाच, हे मला पटतं. पण गांजा लावायला मोकळीक आणि आईच्या अंगणातल्या वेणीला तीन कागद, हे पचायला जड जातं. शिवाय तिला फॅलेनॉप्सिसच्या दुपट-तिपट उजेड लागतो. इथे विजेचं एक युनिट साधारण 40 सेंटला पडतं. 30 वॉटचा दिवा रोज बारा तास लावला की महिन्याला अकराएक युनिटं, म्हणजे चारशे रुपयांच्या वर. एका कुंडीला! पडवीत बसून डोळ्यांवर हात घ्यावा लागायचा, तो उजेड मी इथे मीटर लावून विकत घेते. हे लिहिताना हसत होते, पण आता पुढचं वाक्य सुचत नाही. असो, दोन शिट्ट्या झाल्या.

शेवटी मी साधी पांढरी एलईडी पट्टी आणली, 4000 केल्विनची. खोक्यावरच्या जाहिरातीपेक्षा वीज खरी किती खाते तेवढंच बघून घेतली. जुन्या ट्यूबा आता विसरायच्या. त्यातल्या पाऱ्यामुळे युरोपात 2023 पासून त्या बाजारात आणणं बंद झालंय. रविवारी भिंतीला ड्रिल लावलं तर आजी पुन्हा वर येतील, म्हणून पट्टी कपडे वाळत घालायच्या स्टँडला नाडीने टांगली आहे, पानांपासून वीतभर वर. अंतर वाढवलं की उजेड झपाट्याने कमी होतो. टायमर लावलाय, रात्री काळोख हवाच, कारण फॅलेनॉप्सिस ही बया दिवसा तोंड मिटून असते आणि हवा रात्री आत घेते. कालच एका मुळाचं टोक हिरवंगार, ओलसर चकाकताना दिसलं. गडद हिरवी पानं पोपटी होऊ लागली आहेत, म्हणजे उजेड पोचतोय.

नानांना सांगा, हापूसच्या मोहोरासारखीच हिच्या फुलाच्या दांड्यालाही थंडी लागते. त्यांच्याकडे यंदा थंडी कमी पडली असेल तर इथली न्या, वाहतूक खर्च मी देते.

बंड्याचं लग्न ठरलं हे मला मावशीकडून कळावं? मुलगी चिपळूणची म्हणजे बोलण्यात हार नाही, बंड्याला शुभेच्छा. मांडव मे महिन्यात धरलात तर आम्हाला सुट्टी मिळेल, जूनमध्ये नको. आणि शेजारच्या काकूंनी गडग्यावरून पुन्हा भांडण काढलंनीत, त्यात बाबांनी पडू नये. त्यांचं ब्लडप्रेशर काय आहे ते आकड्यात कळवा, "बरं आहे" चालणार नाही.

बाबा, वेणीला बांडगूळ म्हणणं आता सोडा. बांडगूळ झाडाचा रस पितं. ही फणसावर नुसती बसते, त्याचं काही खात नाही. बंड्याचं तसं नाही. तेव्हा मांडवासाठी फणस छाटायला गडी आला, तर ती फांदी सोडून बाकीच्या तोडायला सांगा.

तुमची,
मनू

ता. क. पार्सलात आमसुलं, कुळथाचं पीठ आणि मेतकूट एवढंच घाला. रोप नको, बी नको, मातीही नको.