पोलादाच्या गावात ॲल्युमिनियमची काठी

भिलाईच्या सेक्टर 2 मध्ये परवा ज्येष्ठांचा सत्कार झाला. मंडळ कुठलं ते विचारू नका. तुमच्या गल्लीतलं मंडळ डोळ्यांपुढे आणा, तेच ते. मांडव तोच, निवेदक तोच, ‘जीवनाची संध्याकाळ’ही तीच. शाल होती, श्रीफळ होतं. नारळाबद्दल मला काही म्हणायचं नाही. कवळी लावणाऱ्या माणसाच्या हातात नारळ ठेवणं ही आपली जुनी रीत आहे. पण यंदा मंडळाला ‘काहीतरी उपयोगी’ द्यायचं होतं. म्हणून एकेक काठी दिली.

काठी. साठी ओलांडलेल्या प्रत्येक पुरुषाला. गुडघे कुणी विचारले नाहीत, चाल कुणी बघितली नाही, आधार कार्डावरची जन्मतारीख तेवढी बघितली. यादीत पहिलं नाव होतं कोक ओव्हनवाल्या काकांचं. (आमच्याकडे माणसं आडनावानं कमी आणि डिपार्टमेंटनं जास्त ओळखली जातात.) ते घरून सायकलवर आले. व्यासपीठाच्या पायऱ्या चढले, काठी घेतली, पायऱ्या उतरले आणि काठी सायकलच्या दांडीला सुतळीनं आडवी बांधून घरी निघाले. सेंट्रल एव्हेन्यूला वळताना ती एका स्कूटरच्या आरशात अडकली. स्कूटरवाला म्हणाला, “अंकल, इस उमर में साइकिल क्यों चलाते हो?” त्या दिवसभरात काठीमुळे काकांचा तोल जायची वेळ आली ती एवढीच.

प्रमुख पाहुणे सत्तरी पार केलेले. त्यांना दोन कार्यकर्त्यांनी दोन्ही दंडांना धरून वर चढवलं आणि निवेदकानं ओळख करून दिली, “आपल्या भागाचं तरुण, तडफदार नेतृत्व!” पाहुण्यांना गुच्छ मिळाला. काठी नाही. सत्कारमूर्तींपैकी निम्मे त्यांच्याहून लहान होते. त्यातल्याच एका त्रेसष्ट वर्षांच्या गृहस्थाच्या पाठीवर थोपटत पाहुणे म्हणाले, “खूप केलंत बाबा, आता आराम करा.” आपल्या राज्यघटनेत लोकसभेसाठी किमान वय 25 आहे, राज्यसभेसाठी 30, राष्ट्रपतिपदासाठी 35. कमाल वय कुठंच नाही. योग्यच आहे. तक्रार एवढीच, की हा उदारपणा व्यासपीठाच्या पायरीशी संपतो आणि खाली खुर्च्यांवर बसलेल्यांना काठ्या वाटल्या जातात.

मुळात माणूस म्हातारा कधी होतो, हे आपल्याकडे हाडं ठरवत नाहीत, राजपत्र ठरवतं. 1998 साली केंद्रानं निवृत्तीचं वय 58 वरून 60 केलं आणि आदल्या दिवशी थकलेभागलेले असलेले कितीतरी कर्मचारी दुसऱ्या दिवशी दोन वर्षांनी तरुण होऊन कामावर गेले. इतक्या वर्षांत च्यवनप्राशाला जे जमलं नव्हतं ते एका कागदानं केलं. आमच्या बाजूला तर हा भूगोलाचा विषय आहे. महाराष्ट्र सरकारचा बहुतेक कर्मचारी 58 ला निवृत्त होतो, छत्तीसगढ सरकारचा 62 ला. म्हणजे गोंदियातले भाऊजी “आता देवदेव करा” हे ऐकायला लागतात, त्या वयात दुर्गच्या कचेरीतल्या त्यांच्या मेव्हण्याची चार वर्षांची नोकरी बाकी असते. सकाळी गोंदियाला गाडीत बसायचं, डोंगरगढ, राजनांदगाव करत दुर्गला उतरायचं, की वय चार वर्षांनी कमी. तिकीटही फार नाही. सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायमूर्तींची बुद्धी 65 पर्यंत शाबूत धरतात. आयकराच्या जुन्या पद्धतीत माणूस 60 ला एकदा ज्येष्ठ होतो आणि 80 ला पुन्हा नव्यानं अतिज्येष्ठ. खासगी कंपनीत पंचेचाळिशीचा माणूस मुलाखतीला गेला, तर खुर्ची देण्याआधी त्याला पाणी आणून देतात. आणि या सगळ्यांच्या वर आपली म्हण आहेच, साठी बुद्धी नाठी. यमक जुळलं की आपल्याकडे पुरावा मागत नाहीत.

आता प्लँटमधला हिशेब बघा. निवृत्ती महिन्याच्या शेवटच्या दिवशी होते. त्या दिवशी दुपारी दोनपर्यंत हा माणूस क्रेनच्या केबिनमध्ये आहे आणि त्याच्या हाताखाली वितळलेल्या पोलादाची लॅडल आहे, शंभर टनांच्या वरची. खाली माणसं उभी आहेत. त्याचा हात वीतभर चुकला तर काय होईल हे त्यालाही ठाऊक आहे, खालच्यांनाही. कुणी म्हणत नाही, “काका, जपून.” रात्री जेवून तो झोपतो. सकाळी उठून गॅसवर चहाचं आधण ठेवायला जातो, तर पुण्याहून व्हिडिओ कॉलवर मुलगा ओरडतो, “बाबा! गॅसजवळ कशाला गेलात? आई कुठाय?” शेगडीची ज्योत तीच, ओट्याची उंची तीच. मधे फक्त तारीख बदलली.

पण मी काठीबद्दल बोलत होतो.

काठी ॲल्युमिनियमची होती. या एका गोष्टीनं सेक्टर 2 मध्ये जे झालं ते मंडळाच्या कल्पनेपलीकडचं होतं. ज्या गावात 4 फेब्रुवारी 1959 ला पहिली ब्लास्ट फर्नेस पेटली आणि तेव्हापासून लोखंडाशिवाय दुसरा विषय नाही, त्या गावातल्या निवृत्त माणसांना तुम्ही ॲल्युमिनियम देता? काठीची गरज नाही हे सगळ्यांनी हसून सोडून दिलं, पण हा अपमान कुणाला गिळवेना. संध्याकाळी बागेतल्या बाकावर काठ्या जमल्या. रेल मिलवाल्या काकांनी सगळ्यात आधी चष्मा वर सरकवून मुठीखालचा जोड बघितला. ज्या माणसानं 260 मीटरच्या रुळांचे जोड पास करण्यात उमेदीची वर्षं घालवली, त्याच्यापुढे हा हातभर नळीचा जोड. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ही वेल्डिंग कुणी केली, त्याला काठी द्या.” मशीन शॉपवाल्यांनी घरून व्हर्नियर आणलं. निवृत्तीनंतरही घरात व्हर्नियर असलेला माणूस तुम्ही बघितला नसेल. आमच्याकडे कपाट उघडलं की ते निघतं. नळीची जाडी चार ठिकाणी मोजली, चारही ठिकाणी वेगळी. उंची कमीजास्त करायला नळीला भोकं आणि आत स्प्रिंगचा खटका. खटक्याची स्प्रिंग बॉलपेनातल्या स्प्रिंगसारखी. वजनदार माणसानं भार दिला तर खटका आत आणि माणूस खाली. खालच्या रबरी टोपीवर निवृत्त सेफ्टीवाल्यांनी ओल्या फरशीची चाचणी घेतली, कारण बागेचा नळ गळतोच. टोपी सरकली. मग वही आली. तक्ता आखला गेला: मालाचं वर्णन, नग, निरीक्षण, शेरा. सगळ्या काठ्या एकेक करून तपासल्या. शेऱ्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द, रिजेक्ट. आणि सगळ्यात मोठं निरीक्षण निघालं ते असं, की झाडून सगळ्या काठ्या सगळ्यात खालच्या भोकावर लावून दिलेल्या होत्या. सहा फुटांच्या माणसालाही, पावणेपाच फुटांच्या माणसालाही. म्हणजे मंडळानं नुसतं हे धरलं नव्हतं की साठीचा माणूस काठी घेतो. तो कमरेत वाकलेलाच असणार, हेही धरलं होतं. काठी आधीच वाकवून ठेवली होती, माणसानं तिच्या मापानं वाकायचं.

जाता जाता सांगतो, ज्याला खरंच काठी लागते त्याच्यासाठी ती मापानं घ्यायची वस्तू आहे. सरळ उभं राहून हात खाली सोडला की मनगटाची घडी जिथे येते, तिथे मूठ हवी. दुखतो उजवा पाय तर काठी डाव्या हातात. आखूड काठीनं माणूस पुढे झुकतो, पाठ धरते, पडायची भीती वाढते. चाळीस जणांना एका नंबरचे चष्मे वाटण्यासारखा हा प्रकार आहे. आणि ज्यांना खरोखर गरज आहे असे सेक्टर 2 मधले आजोबा त्या दिवशी कार्यक्रमाला येऊच शकले नाहीत, कारण मांडवाच्या दाराशी नालीवर फळी टाकायचं कुणाला सुचलं नव्हतं.

बायकांना काठ्या नव्हत्या. त्यांना जपमाळ दिली. बरोबरच आहे. पुरुष निवृत्त होतो म्हणून त्याला म्हातारा करायला एक दिवस ठरवता येतो. बाईचा तो दिवसच येत नाही. कार्यक्रमानंतर भजी आणि साबुदाण्याची खिचडी होती, ती सत्कारमूर्ती महिलांनीच सकाळपासून खपून केली होती. एक काकू हात पुसत व्यासपीठावर आल्या, जपमाळ घेतली, कढईवर कुणाला तरी बसवून आले म्हणून घाईनं परत गेल्या. निवेदक म्हणाला, “थकलेली पावलं.” त्या पावलांना कढईतलं तेल तापल्याचं मांडवाच्या दुसऱ्या टोकाला कळलं होतं.

आता थोडं रागाचं. हसून झालं पुष्कळ.

मला काठीचा राग नाही. तिच्यामागच्या आवाजाचा आहे. साठीच्या पुढच्या माणसाशी बोलताना आपण सगळे एक आवाज काढतो. मोठा, सावकाश, शेवटी जरा चढवलेला, जसा काही समोरचा बहिरा आहे आणि शिवाय पहिलीत आहे. “का-का, जेव-ले का?” दवाखान्यात डॉक्टर आजाऱ्याकडे बघत नाहीत, शेजारच्या मुलाला विचारतात, “ह्यांना झोप लागते का?” अहो, ह्यांना विचारा! झोप ह्यांची आहे! बँकेत काउंटरवरचा मुलगा फॉर्म हातातून ओढून घेतो, “तुम्हाला जमणार नाही.” चाळीस वर्षं ज्यानं तीन पाळ्यांची लॉगबुकं लिहिली त्याला तुझा फॉर्म जमणार नाही? मोबाइल शिकवायला नातवाला धीर नाही, दोन मिनिटांत म्हणतो, “आजोबा, द्या, मीच करून देतो.” याच आजोबांनी त्याच्या बापाला ह्याच क्वार्टरच्या अंगणात पाच पाच वेळा पडू देऊन सायकल शिकवली होती. पडू देणं हा शिकवण्याचा भाग आहे, हे त्यांना ठाऊक होतं. आणि मंडळाच्या बैठकीत म्हातारं माणूस काही बोलायला उठलं की चार हात एकदम पुढे येतात, “काका, तुम्ही बसा, तुम्ही बसा.” इतक्या प्रेमानं माणसाला घालवून देण्याची दुसरी तऱ्हा मला माहीत नाही. त्याचं म्हणणं चुकीचं असू शकतं, कंटाळवाणं असू शकतं. तुमचंही असतं. तुम्हाला कुणी बसवत नाही.

आणि हा नुसता मानापमानाचा मामला नव्हे. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या 660 माणसांचा एक अभ्यास 2002 साली छापून आला. पन्नाशी ओलांडलेली माणसं, स्वतःच्या म्हातारपणाबद्दल त्यांना काय वाटतं हे आधी विचारून ठेवलेलं, आणि मग वर्षानुवर्षं पाठपुरावा. आपल्या म्हातारपणाकडे बऱ्या नजरेनं बघणारे लोक इतरांपेक्षा साधारण साडेसात वर्षं जास्त जगले. तब्येत, पैसा, एकटेपणा हे सगळं हिशेबात धरूनही. हे वाचल्यापासून मी निवेदकाच्या ‘जीवनाच्या संध्याकाळी’कडे आरोग्याचा प्रश्न म्हणून बघतो. शिवाय निवेदकाला माहीत नाही, की समोर बसलेल्या लोकांची संध्याकाळ म्हणजे सेकंड शिफ्टचा मध्य. दुपारी दोनला चढलेला माणूस सहाला डबा उघडतो, अजून निम्मं काम बाकी असतं, आणि नंतर नाईटवाला येतो तो वेगळाच.

आपल्या गोष्टींत एक म्हातारी होती, लेकीकडे जाऊन खाऊनपिऊन लठ्ठ झाली आणि भोपळ्यात बसून वाघाच्या हातावर तुरी देऊन आली. एकटी, जंगलातून. आजच्या घरात तिला लेकीकडे जायचं म्हटल्यावर पहिलं विचारलं असतं, “सोबत कोण आहे?” दुसरं, “शुगर तपासलीस का?” भोपळ्यात तर कुणी बसूच दिलं नसतं. आणि परत येईपर्यंत मंडळानं वाघाला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलेलं असतं.

काठ्यांचं पुढे काय झालं? एकीनं मुनग्याच्या शेंगा पडतात. एकीला खिळा ठोकून जाम काढायची आकडी केली आहे. दोन जोडून मच्छरदाणी उभी राहिली. एक सेंट्रल एव्हेन्यूवर ठाण मांडून बसलेल्या गाईला उठवायच्या कामावर आहे. गाय अजून उठलेली नाही. वहीतला तपासणी अहवाल मात्र रेल मिलवाल्यांनी नीट उतरवून, खाली सगळ्यांच्या सह्या घेऊन, मंडळाच्या अध्यक्षांना दिला. मुठीचा जोड, स्प्रिंग, टोपी, नळीची जाडी, सुधारणा सुचवलेल्या. अध्यक्षांनी तो चाळला, कौतुकानं मान हलवली आणि शेजारच्या कार्यकर्त्याला म्हणाले, “बघ, वेळ कसा छान जातो ह्यांचा.”

पुढच्या वर्षी काय वाटायचं याची बैठकही झाली. साठीपलीकडचं कुणी बोलावलं नव्हतं, पण सेक्टर 2 मध्ये बातमी लपत नाही. व्हीलचेअरचा विषय निघाला आहे. रेल मिलवाल्यांनी निरोप धाडलाय: ऑर्डर देण्याआधी एक नग बाकावर आणा, बेअरिंग बघायचं आहे, आणि आणणाऱ्यानं त्यात बसून यायचं.