शेवगा, भिंत आणि ७४ जण

सकाळी दोरीवर चादर टाकत होते, तेवढ्यात भिंतीपलीकडून बांगड्या वाजल्या. शेजारच्या वहिनी हाक मारायच्या आधी त्यांच्या बांगड्याच हाक मारतात.

"ताई, आहात का? की रागावलात?"

"रागवायला काय झालं?"

"म्हणजे वाचलं नाहीत होय कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर?"

वाचलं होतं की. पहाटे पावणेसहाला आलेलं. 'कॉलनीतील काही रहिवाशांच्या झाडांचा पाला इतरांच्या अंगणात पडत आहे, तरी संबंधितांनी नोंद घ्यावी.' नाव कुणाचं नाही. पण आमच्या कॉलनीत घरं ४२ आणि शेवगा एक. तो माझा. लिहिणारे वहिनींचे यजमान, भाऊ. त्यांचा झोपाळा माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीपासून फार तर बारा फुटांवर. तिथं बसून मला बारा फुटांवर काही सांगायचं, तर भाऊंनी ते ग्रुपवरच्या ७४ जणांना सांगितलं.

"अहो, मी म्हटलं यांना, भिंतीपाशी जाऊन बोला की. तर म्हणतात, तोंडावर बोललं की वाईट वाटतं माणसाला."

"बरं झालं. आता ७४ जणांसमोर बोलल्यामुळं अगदी गोड वाटलं मला."

वहिनी हसल्या आणि भिंतीवर वाटी ठेवली. ताकातली भाजी. म्हणजे माफी मागून झाली. मग पदर खोचून त्यांनी कोपर भिंतीवर टेकलं. याचा अर्थ आता अर्धा तास तरी चादर तशीच राहणार.

"पण काय हो, घरं ४२ आणि माणसं ७४ कशी?"

हा प्रश्न मलाही पडला होता, म्हणून एकदा दुपारी चष्मा लावून यादी काढली होती. जिथं नवरा-बायको दोघं आहेत ती धरली तरी हिशेब जमेना. कोपऱ्यावरच्या घरातले भाडेकरू बदली होऊन सोलापूरला गेले, ते अजून आहेत. पाइप फुटला तेव्हा घेतलेला प्लंबर आहे. गणपतीचा मांडववाला आहे. दोन नंबर असे आहेत, की ते कुणाचे हे ॲडमिन अण्णांनाही सांगता येत नाही.

"आणि त्याच ग्रुपवर मागच्या महिन्यात मागच्या गल्लीतल्या काकूंनी लिहिलं, की आम्ही चार दिवस लग्नाला निघालोय, दूधवाल्याला सांगा."

"म्हणजे चोराला पत्रिकाच दिली की!"

"तेच. आमचा भाचा म्हणतो, आत्या, तुमचे मेसेज वाटेत कुणी वाचू शकत नाही, कंपनीही नाही, २०१६ पासून तशी सोय आहे. म्हटलं, असेल बाबा. कुलूप भक्कम आहे, पण किल्ल्या ७४ काढल्यात त्याचं काय?"

वहिनींना हे पटलं, कारण त्यांचा नंबर असाच कुठूनसा फुटला होता. ग्रुपमध्ये असलं की प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. महिनाभर त्यांना कर्ज हवंय का म्हणून फोन येत होते. वर कुणीतरी त्यांना न विचारता 'घरबसल्या कमवा' नावाच्या ग्रुपमध्ये ढकललं. मी त्यांचा फोन भिंतीवरून घेतला आणि भाच्यानं शिकवलं तसं सेटिंगमध्ये प्रायव्हसी, त्यात ग्रुप्स, तिथं फक्त आपल्या ओळखीच्यांनीच घ्यावं असं करून दिलं. ही सोय २०१९ पासून आहे म्हणे. आम्हाला कळायला एवढी वर्षं गेली.

"मग मी बाहेर पडू का कॉलनीच्या ग्रुपातून? पण 'लेफ्ट' असं सगळ्यांना दिसतं ना? लगेच चर्चा, वहिनी कुणावर रुसल्या."

"आता तशी ओळ सगळ्यांना नाही दिसत. फक्त ॲडमिनला सूचना जाते."

"अण्णांना कळलं म्हणजे सगळ्यांना कळलंच की."

हेही खरं. अण्णांचा एक किस्सा आहे. कुणीतरी ग्रुपवर राजकारणाचा घाणेरडा विनोद टाकला आणि अण्णांना रात्रभर झोप नाही. पोलीस आधी ॲडमिनला धरतात, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलेलं. सकाळी माझ्याकडे राजीनामा घेऊन आले, कागदावर लिहिलेला! मी त्यांना सांगितलं, २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं निकाल दिलाय, सभासदानं काही आक्षेपार्ह टाकलं तर निव्वळ ॲडमिन आहे म्हणून कुणी गुन्हेगार होत नाही. शिवाय आता ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी पुसताही येतो. अण्णांनी राजीनामा खिशात घातला आणि त्या दिवसापासून जे पुसत सुटलेत, ते माझी खाऱ्या मिरच्यांची कृतीसुद्धा पुसली.

"पण बोहारणीचा फोटो नाही पुसला," वहिनी म्हणाल्या.

ते आठवलं आणि माझी जीभ तिखट झाली. चार महिन्यांपूर्वीची गोष्ट. जुन्या साड्यांवर भांडी देणारी बोहारीण, डोक्यावर पाटी, वीस वर्षं या गल्लीत येते. नव्या बंगल्यातल्या पोरानं गॅलरीतून तिचा फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'अनोळखी महिला घरांची टेहळणी करत आहे, सावध राहा.' पाच मिनिटांत बारा हात जोडलेले. एकानं तर तो फोटो दुसऱ्या कॉलनीच्या ग्रुपवर पाठवलासुद्धा. बाई बिचारी माझ्या पायरीवर बसून चहा पीत होती तेव्हा!

"तुम्ही फार बोललात त्या दिवशी."

"बोलले. वहिनी, तुम्हाला राईनपाडा आठवतं?"

त्या गप्प झाल्या. त्यांचं माहेर मंगळवेढ्याकडचं. तिकडं धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, १ जुलै २०१८ ला बाजाराच्या दिवशी पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज फिरत होते. मेलेले पाचही जण भिक्षा मागत फिरणारे, नाथपंथी डवरी गोसावी, त्यातले बहुतेक जण मंगळवेढा भागातले. त्यानंतर त्याच महिन्यात कंपनीनं आपल्या देशात एक मेसेज एका वेळी पाच ठिकाणीच पुढं जाईल असं केलं. पाच. पण गल्लीचं डोकं फिरवायला एकच ठिकाण पुरतं ना.

"आमच्या तिकडं कितीतरी दिवस कुणी बाहेर पडत नव्हतं मागायला," वहिनी हळू म्हणाल्या. मग विषय बदलायला शेवग्याच्या शेंगेकडे बघून, "ही कोवळी आहे बघा."

मी तोडून दिली.

आता ग्रुपच्या नावानं एवढं बोलले, पण खोटं कशाला सांगू, २०१९ च्या पुरात याच ग्रुपनं आम्हाला धीर दिला. सांगलीत पावसाळ्यात माणूस 'कसं काय' विचारत नाही, 'आयर्विनला किती?' विचारतो. आयर्विन पुलाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका. अण्णा दर तासाला तक्ता टाकायचे, कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी, मग आपलं आयर्विन. भिलवडीला वाढलं की आपण गाद्या माळ्यावर चढवायच्या, हे त्या तक्त्यावरून कळायचं. वहिनींनी तर फ्रिज विटांवर चढवला तो त्या आकड्यांच्या भरवशावर.

आणि त्याच ग्रुपवर रात्री कुणीतरी टाकलं, धरण फुटलं! २००५ च्या पुराचे फोटो 'आत्ताचे' म्हणून फिरले. आमच्या कोपऱ्यावरच्या आजी रात्री दोनला देवासमोर बसल्या त्या उठेनात.

"पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि मग लाइटच गेली हो," वहिनी म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी कुणाच्याच फोनला जीव नाही. ७४ च्या ७४ जण मुके."

तेव्हा ही भिंत पाण्याखाली होती. वहिनी त्यांच्या गच्चीवर, मी माझ्या. भाऊंनी कपड्यांची दोरी टाकली आणि तिला पिशवी बांधून मी गोळ्या पाठवल्या, त्यांच्या रक्तदाबाच्या संपल्या होत्या. समोरच्या गच्चीवरच्या पोरानं ओरडून सांगितलं, बोट आली, आधी आजींना द्या. हे सगळं ओरडून आणि हातवारे करून चाललेलं.

त्यानंतर आम्ही एक वेगळा ग्रुप केला. आमच्या गल्लीतली आठच घरं, घरटी एक माणूस. नियम लिहिलेला नाही, पण फॉरवर्ड कुणी टाकत नाही. कोण गावाला जातंय, किल्ली कुणाकडे, कुणाच्या आईला रात्री दवाखान्यात न्यायचंय, एवढंच. आणि तेच आठ नंबर मी वहीच्या मागच्या पानावर उतरवलेत, शाईनं, कुणाकडे वरचा मजला आणि कुणाला उचलून न्यावं लागेल त्यासकट. २०२१ ला परत पाणी ५५ फुटांच्या आसपास आलं तेव्हा फोन चालू असतानाही मी वहीच काढली होती.

"मग पाल्याचं तिथं लिहायचं होतं यांनी. आठच जणांत राहिलं असतं."

"तिथं तरी कशाला? भाऊ आहेत ना घरात?"

"आहेत की. झोपाळ्यावर."

करकर ऐकू येतच होती. मी जरा आवाज चढवून म्हटलं, "भाऊ, रविवारी फांद्या छाटणारा माणूस बोलावते! शेंगा काय, अर्ध्या तुमच्या!"

झोपाळा थांबला. बोलणं काही आलं नाही. ओट्यावरचा माझा फोन टुणकन वाजला. वहिनींच्या कमरेला खोचलेलाही वाजला. त्यांनी काढून बघितला आणि कपाळावर हात मारून घेतला.

७४ जणांच्या ग्रुपवर भाऊंनी अंगठा टाकला होता.