पाच तारे, वजा ओरखडे

जुने मोबाइल विकत घेणाऱ्या वेबसाइटींचा एक शिष्टाचार मला फार आवडतो. वस्तू आपली, विकणारे आपण, घेणारे ते. तरीही व्यवहार आटोपला की 'प्रिय ग्राहक, आपला अनुभव कसा होता?' हा मेसेज येतो तो आपल्यालाच. खरं तर ग्राहक ते, म्हणजे अभिप्राय त्यांनी द्यायचा. आणि ते देतातही. दारात उभं राहून, फोन उजेडाकडे तिरपा धरून, चांगला सविस्तर देतात. फरक एवढाच की त्यांच्या अभिप्रायाचे रुपये कापले जातात आणि आपल्या अभिप्रायाचे तारे होतात.

ज्यांनी अजून हा संस्कार करून घेतलेला नाही, त्यांच्यासाठी विधी सांगतो. कुठल्याच कंपनीचं नाव घेत नाही, कारण सगळ्यांची पोथी थोड्याफार फरकाने एकच आहे. वेबसाइट आधी गोड आवाजात चौकशी करते. फोन चालू होतो का? कॉल लागतो का? काचेला तडा आहे का? खोकं, बिल, चार्जर जपून ठेवलंय का? (आयफोनच्या खोक्यात २०२० पासून चार्जर येतच नाही, तो नसल्याचा दोष मात्र आपल्याकडेच.) सगळी उत्तरं दिली की पडद्यावर हिरव्या, ठसठशीत अक्षरांत आकडा उमटतो. समजा, ११,४००. त्या क्षणापासून घरातला प्रत्येक जण ते पैसे मनातल्या मनात खर्च करायला लागतो. मुलीचे इअरबड्स होतात, सौभाग्यवतींचा मिक्सर दुरुस्त होतो, आणि उरलेल्यात आपण आपल्याला नवी चप्पल घेऊन टाकतो.

दुसऱ्या दिवशी पाठीला सॅक लावलेला एक पोरगा येतो. वयाने विशीतला, घामाघूम, लिफ्ट बंद असल्याने चार मजले चढून आलेला. तो आपल्या फोनमध्ये एक ॲप टाकतो आणि तपासणी सुरू होते. पडद्यावरचे सगळे चौकोन बोटाने पुसायचे, माइकमध्ये बोलायचं, स्पीकरचा आवाज ऐकायचा, पुढचा कॅमेरा, मागचा कॅमेरा, बोटाचा ठसा, वायफाय, जीपीएस, व्हायब्रेशन. लग्न ठरवताना आमच्या एका मावसभावाचीसुद्धा एवढी चौकशी झाली नव्हती, आणि व्हायला हवी होती. मग पोरगा फोन तिरका धरतो. डाव्या कोपऱ्यात ओरखडा. कडेला डेंट. पडद्यावर पांढरा पट्टा, तो म्हणतो "शॅडो आहे, काका." आपल्याला तो दिसत नाही. तो बोट ठेवून दाखवतो. तरी दिसत नाही. पण माणूस इतक्या खात्रीने सांगतोय म्हटल्यावर आपण "हां, हां" म्हणतो. आकडा उतरतो तो ८,१५० वर.

इथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे मुहूर्त. एव्हाना आपलं सिम नव्या फोनमध्ये गेलेलं असतं, व्हॉट्सॲप तिकडे नांदायला लागलेलं असतं, जुन्यातले फोटो काढून घेतलेले असतात. जुन्या फोनवरचा आपला जीव उडालेला असतो. अशा माणसाला "नको, राहू दे" म्हणवत नाही. बरं, कालच्या ११,४०० चा पुरावा दाखवावा, तर त्याचा स्क्रीनशॉट त्याच फोनमध्ये काढलेला, आणि तो फोन फॅक्टरी रीसेट होऊन नुकताच जन्माला आल्यासारखा पोराच्या हातात हसतोय.

आमच्या लहानपणी हाच धंदा बोहारीण करायची. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांचं टोपलं, खांद्यावर जुन्या कपड्यांचं गाठोडं. चाळीच्या पायरीवर बैठक मारून ती शर्टाची कॉलर उलटी करायची, पँटचा गुडघा उजेडात धरायची, जरीच्या साडीला पदरापासून चाचपायची. "बाई, यावर पातेलं न्हाई बसत, अजून एक पँट टाका." ती घासाघीस करण्यात कुणाच्या बापाला हार जायची नाही. पण तिचा बाजार खालून वर जायचा. सुरुवात वाटीपासून व्हायची, तासाभराने डबा पदरात पडायचा, आणि उठता उठता आई एक चमचा वरती काढून घ्यायची. वेबसाइटीचा बाजार वरून खाली येतो. बोहारणीने "पिंप देते" असं आधी सांगून मग वाटी टेकवली असती, तर दुसऱ्या दिवशी तिला आळीत पाऊल टाकता आलं नसतं. आणि तिच्याबद्दलचा अभिप्राय? तो आई चार बिऱ्हाडांना ऐकू जाईल अशा आवाजात तिच्या तोंडावरच द्यायची.

आता तसं चालत नाही. आता अभिप्राय सभ्यपणे द्यायचा असतो, आणि तोही पोरगा समोर उभा असताना. "काका, फाइव्ह स्टार टाका ना प्लीज. चार दिले तर माझं इन्सेंटिव्ह जातं." इथे आपल्या रागाची गाडी रुळावरून घसरते. किंमत पोराने ठरवलेली नाही, ॲपने ठरवली. त्याने फक्त ओरखडा आहे की नाही ते टिचकी मारून सांगितलं. किंमत खाली आणणारा कुठल्या तरी शहरातल्या सर्व्हरमध्ये गार हवेत बसलाय, आणि तारे कापले जाणार चार मजले चढून आलेल्याचे. म्हणून आपण पाच तारे देतो. मराठी माणूस इतका काही वाईट नाही. पोरगा खाली उतरतो. कंपनीच्या पाटीवर आणखी एका संतुष्ट ग्राहकाची भर पडते. तिच्या सगळ्या जाहिरातींत झळकणारा तो ४.७ का ४.८ चा आकडा अशा दयेवर उभा आहे, कामावर नव्हे.

थोडी दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर आमचा अभिप्रायही एकतर्फी ठरेल. आपणही काही हरिश्चंद्राचे वंशज नाही. फोन बादलीत पडलेला असतो, तीन दिवस तांदळाच्या डब्यात वाळवलेला असतो (तांदळात ठेवू नका, बारीक कण आत जातात, असं ॲपलने २०२४ मध्ये सांगितलं, पण आपल्या घरी आजीचं चालतं), आणि तरी 'पाण्यात पडला होता का?' या प्रश्नावर आपण निर्मळ मनाने 'नाही' वर टिचकी मारतो. बऱ्याच फोनच्या सिमच्या खाचेत एक इवलीशी पांढरी पट्टी असते. पाणी लागलं की ती लाल होते. पोरगा टॉर्च मारून बघतो, आपल्याकडे बघतो, आपण पंख्याकडे बघतो. या कपातीबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार त्या न दिसणाऱ्या पांढऱ्या पट्ट्याबद्दल आहे.

पोरगा गेल्यावर मेसेज येतो. 'आपण आमची शिफारस मित्रांना किंवा नातेवाइकांना करण्याची शक्यता किती? शून्य ते दहा.' हा प्रश्न अमेरिकेतून आलाय. फ्रेड राइकहेल्ड नावाच्या सल्लागाराने २००३ मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त लेख लिहून तो जगभरच्या कंपन्यांच्या गळ्यात बांधला. हिशेब असा: ९ आणि १० देणारे कंपनीचे भाट, ७ आणि ८ देणारे कुंपणावरचे, आणि शून्यापासून ६ पर्यंत सगळे निंदक. भाटांच्या टक्क्यांतून निंदकांचे टक्के वजा करायचे, उरेल तो कंपनीचा गुण. राइकहेल्ड साहेबांनी आपल्या विद्यापीठांची गुणपत्रिका पाहिली नसावी. आपल्याकडे साठ टक्क्यांना फर्स्ट क्लास मिळायचा, आणि त्यावर पेढे वाटले जायचे. ज्या पिढीने दहापैकी सहा म्हणजे पहिला वर्ग हे रक्तात भिनवून घेतलंय, ती मोठ्या मनाने ६ देते आणि निंदक ठरते. दहापैकी दहा आम्ही सख्ख्या मुलालाही दिले नाहीत, आणि नातेवाइकांना शिफारस करायची म्हणाल तर ती कुठल्या नातेवाइकाला, यावर उत्तर बदलतं.

बाकी सविस्तर अभिप्राय वाचावेत तर ते लोकांनीच लिहिलेले. त्यांचे ढोबळ प्रकार मला आता पाठ झालेत. एक असतो शिष्टाचारवादी: 'मुलगा सभ्य होता. चप्पल बाहेर काढली. पाणी विचारलं तर घेतलं नाही. पाच तारे.' किती मिळाले याबद्दल अक्षर नाही. दुसरा असतो घाईवाला: 'गुड.' या एका शब्दाच्या अभिप्रायांची संख्या पाहिली की हा देश किती समाधानी आहे याची कल्पना येते. तिसरा चुकून आलेला: 'ऑर्डर केलेली भाजी अजून मिळाली नाही. एक तारा.' चौथा वेदनेचा कवी. हा फोनबद्दल लिहितच नाही, त्या फोनवर पहिल्यांदा मुलीचा फोटो काढला होता असं लिहितो आणि शेवटी चार तारे देतो. पाचवा आमच्या ओळखीचा, निवृत्त बँक मॅनेजर.

निवृत्त बँक मॅनेजर अभिप्राय देत नाहीत, पत्र लिहितात. 'विषय: आश्वासित मूल्य व प्रत्यक्ष अदा केलेले मूल्य यांतील तफावतीबाबत. संदर्भ: आपला दिनांक अमुकचा मेसेज. महोदय,' इथपर्यंत आल्यावर चौकट सांगते, अक्षरमर्यादा संपली. मग ते दुसऱ्या अभिप्रायात 'मागील पानावरून पुढे' सुरू करतात. तो 'आपण आधीच अभिप्राय दिला आहे' म्हणून परत येतो. शेवटी जी अर्धी तक्रार प्रसिद्ध होते तिच्यात तक्रार सोडून सगळं असतं. तिच्याखाली कंपनीचं उत्तर मिनिटभरात हजर: 'नमस्कार, आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. कृपया आपला ऑर्डर क्रमांक आम्हाला मेल करा.' हेच उत्तर भाजीवाल्यालाही गेलेलं असतं.

सरकार झोपलंय असं कुणी समजू नये. ऑनलाइन अभिप्राय कसे गोळा करावेत, कसे चाळावेत, कसे छापावेत यासाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक काढलं. ते आलं ऐच्छिक म्हणून. म्हणजे ज्याला प्रामाणिक व्हायची इच्छा आहे त्याने व्हावं. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वेबसाइटींच्या १३ लबाड्यांची यादी जाहीर केली. तीत एक दाखवून दुसरं गळ्यात मारणं आहे, किमतीतले भाग शेवटपर्यंत झाकून ठेवणं आहे, आणि माणसाच्या मागे लागून भंडावून सोडणं हेसुद्धा आहे. फोन विकून झाल्यावर 'रेट करा', 'अजून रेट केलं नाहीत', 'तुमचं मत आम्हाला मोलाचं आहे' असे मेसेज ज्यांना आले, त्यांनी ही शेवटची नोंद कापून पाकिटात ठेवावी. पुढे २०२५ मध्ये प्राधिकरणाने ऑनलाइन कंपन्यांना सांगितलं की तीन महिन्यांत तुमची तुम्हीच तपासणी करा आणि आमच्यात लबाडी नाही असं जाहीर करा. आपला पेपर आपण तपासायची सोय आमच्या शाळेत असती, तर मीही आज फार मोठ्या हुद्द्यावर असतो.

आता त्या अभिप्रायाच्या फॉर्मकडेच एकदा नीट बघा. मुलगा वेळेवर आला का? ओळखपत्र दाखवलं का? नम्रपणे बोलला का? पैसे लगेच जमा झाले का? सगळं विचारतात. 'वेबसाइटवर दाखवलेली किंमत तुम्हाला मिळाली का?' हा एकच प्रश्न मला कुठे दिसलेला नाही. तो सगळ्यात सोपा आहे. उत्तर हो किंवा नाही. त्याला तारे लागत नाहीत, अमेरिकन सल्लागार लागत नाही, अक्षरमर्यादाही पुरते. शिवाय दोन्ही आकडे कंपनीकडेच आहेत. तिने शंभर जणांना किती सांगितले आणि शंभर जणांना किती दिले, एवढं पहिल्या पानावर छापलं तरी पुरे. पण ती छापते तारे.

म्हणून वाचकांना एवढंच सांगणं. फोन विकायला काढाल तेव्हा वेबसाइटने दाखवलेल्या आकड्याचा फोटो घरातल्या दुसऱ्या फोनवर काढून ठेवा. सिम आणि व्हॉट्सॲप व्यवहार पटेपर्यंत जुन्यातच राहू द्या. सिमच्या खाचेतली पट्टी आधी आपण बघा. किंमत पटली नाही तर फोन परत घ्या, पोराला पाणी द्या आणि पाच तारेही द्या, कारण जिने त्याने चढलेत. आणि तक्रार लिहायची असेल तर ती ताऱ्यांच्या चौकटीत लिहू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.